हे लिहिले कोणी?

पुस्तक हाती घेतले की आपण प्रथम त्याच्या मुखपृष्ठावरील नाव वाचतो आणि पान उलटतो. ज्याचे नाव तेथे छापले आहे त्यानेच ते लिहिले, याविषयी आपल्या मनात तिळमात्र शंका येत नाही. परंतु जगातील काही थोर ग्रंथांच्या नशिबी असा निर्वेध विश्वास आलेला नाही. 'हे याने लिहिलेच नाही. खरा लेखक कोणी निराळाच आहे,' असे म्हणणारे लोक जाडजूड पुस्तके लिहून आपले म्हणणे मांडतात, आणि त्यांचे खंडन करणारे त्याहूनही जाड पुस्तके लिहितात. अशा वादांमध्ये अतिशय गाजलेला वाद म्हणजे इंग्रज नाटककार विल्यम शेक्सपिअर याच्या नाटकांविषयीचा होय.

शेक्सपिअर हे नाव तुम्हांला अगदीच परके नसेल. त्याच्या 'हॅम्लेट'चे गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले 'विकारविलसित' हे रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि 'ऑथेल्लो'वरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव' रचले. मराठी रंगभूमीने ज्याला इतक्या अगत्याने आपल्या घरी आणले, तो मनुष्य होता तरी कोण, हे आधी पाहू.

एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे एक लहानसे बाजाराचे गाव आहे. तेथील चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या दिवशी विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. त्याचा बाप जॉन हा कातडे कमावून हातमोजे शिवण्याचा धंदा करी. पुढे तो गावच्या कारभारात वर चढला आणि १५६८ साली गावाचा मुख्य अधिकारीही झाला. तथापि कागदावर सही करण्याऐवजी तो नुसती खूण करीत असे. विल्यमचे लग्न अठराव्या वर्षी झाले. त्यास तीन मुले झाली. पुढे तो लंडनला गेला, नाटकमंडळीत नट झाला, नाटके लिहू लागला, त्या मंडळीचा भागीदार झाला, पैसा मिळवून गावी परतला आणि २३ एप्रिल १६१६ रोजी वारला. त्याच्या आयुष्याची कागदोपत्री हकीकत ही एवढीच. तीत ना कोणते साहस, ना कोणता चमत्कार.

आणि नेमके हेच पुढच्या काही लोकांना खटकले. राजांचे दरबार, सरदारांची कारस्थाने, कायद्यातील खाचाखोचा, इटलीतील नगरे, बहिरी ससाण्यांची शिकार हे सारे त्या नाटकांत भरलेले आहे. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या, हातमोजे शिवणाऱ्याच्या मुलाला हे कोठून ठाऊक असणार? अर्थात ते लिहिणारा कोणी मोठ्या कुळातील, मोठ्या विद्येचा पुरुष असला पाहिजे, आणि काही कारणाने त्याने आपले नाव लपवून या नटाचे नाव पुढे केले असले पाहिजे.

ही शंका प्रथम जोराने मांडणाऱ्यांपैकी एक डीलिया बेकन ही अमेरिकन बाई होती. तिच्याविषयी मला राग येत नाही, कीवच येते. एका गरीब धर्मोपदेशकाची ही मुलगी. तिचा जन्म लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या झोपडीत झाला होता. ती स्वतः मोठ्या कष्टाने शिकली आणि इतरांना शिकवू लागली. सर फ्रान्सिस बेकन आदी थोर पुरुषांनी मिळून ही नाटके लिहिली, असे तिच्या मनाने घेतले. (आडनाव एक असले तरी त्या बेकनशी तिचे नाते नव्हते.) ती इंग्लंडला गेली, हालअपेष्टा सोसून लिहीत राहिली. शेक्सपिअरच्या थडग्यात काही पुरावा दडला असेल या आशेने १८५६ साली तिने स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये थडग्याजवळ अंधारात एक रात्र काढली. पण दगड उचलण्याचे धैर्य तिला झाले नाही. १८५७ साली तिचा ग्रंथ निघाला. लोकांनी त्याची थट्टा केली, तिचे मन बिघडले आणि १८५९ साली ती वारली. स्वतः झोपडीत जन्मून इतकी विद्या मिळविणाऱ्या या बाईला, दुसऱ्या एका साध्या घरातील मुलाने तेच केले असेल, हे मात्र खरे वाटले नाही!

तिच्यानंतर डॉनेली नावाचा एक राजकारणी गृहस्थ पुढे आला. नाटकांच्या पानांत बेकनने आपले नाव गुप्त आकड्यांनी गुंफले आहे, असे त्याने १८८८ साली प्रतिपादिले. शब्द मोजावेत, काही वगळावेत, काही पुढेमागे करावेत, की लपलेला मजकूर उलगडतो, अशी ती रीत होती. पण अशी मोकळीक घेतली तर कोणत्याही पानातून काय वाटेल ते निघेल. एका टीकाकाराने तीच रीत वापरून उलट शेक्सपिअरचेच नाव त्यातून काढून दाखविले! पुढे विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने या साऱ्या गुप्तलिप्यांची कसोशीने तपासणी केली. हे दोघे गुप्तलिपीच्या शास्त्रातील श्रेष्ठ जाणकार. गंमत अशी की, तरुणपणी बेकनची लिपी शोधण्याच्या कामात पडल्यामुळेच त्यांना या शास्त्राची गोडी लागली होती. १९५७ साली त्यांनी आपला निर्णय ग्रंथरूपाने दिला: शोधणाऱ्यांनी दाखविलेल्या लिप्यांपैकी एकही खरी नाही.

१९२० साली लूनी नावाच्या एका शिक्षकाने (माझ्याच व्यवसायातील तो, याचे मला वाईट वाटते) बेकनला बाजूस सारून ऑक्सफर्डचा सरदार एडवर्ड डी व्हिअर याचे नाव पुढे केले. त्याचे अनुयायी आजही पुष्कळ आहेत. अडचण एकच: हा सरदार १६०४ सालीच वारला. 'टेम्पेस्ट' नाटकातील वादळ आणि बेट पाहा. व्हर्जिनियाकडे निघालेले एक इंग्रजी जहाज १६०९ साली बर्म्यूडा बेटांजवळ फुटले, त्याच्या हकीकती १६१० साली लंडनला पोहोचल्या, आणि त्यांचे पडसाद या नाटकात उमटले आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १६११ च्या नोव्हेंबरात राजापुढे या नाटकाचा प्रयोग झाला. मृत मनुष्याने ही बातमी कशी ऐकली असावी?

आता शंकेखोरांचे म्हणणे न ऐकताच त्यांना हसणे बरे नव्हे. ते म्हणतात, शेक्सपिअरच्या हातचे एकही छापील नाटक हस्तलिखितात उरलेले नाही. हे खरे आहे. परंतु त्या काळी नाटक लिहून दिले की ते नाटकमंडळीच्या मालकीचे होई; त्याची हस्तलिखिते जपून ठेवावी असे कोणास वाटत नसे, आणि त्या काळच्या इतर बहुतेक नाटककारांची हीच गत झालेली आहे. ते म्हणतात, त्याच्या मृत्युपत्रात पुस्तकांचा उल्लेख नाही. हेही खरे, आणि यामुळे मलाही हळहळ वाटते. ते आणखी म्हणतात, त्याच्या उरलेल्या सहा सह्यांत नावाची अक्षरे एकसारखी नाहीत. यात मात्र काही दम नाही. त्या काळी इंग्रजी शुद्धलेखनाचे नियमच ठरलेले नव्हते. आपल्याकडील जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून ते कागद काही खोटे ठरत नाहीत.

आणि मुलाला एवढे ज्ञान आले कोठून? स्ट्रॅटफर्डला एक चांगली शाळा होती आणि गावच्या मुलांना तेथे फी पडत नसे. त्या काळची हजेरीपत्रके आज उरलेली नाहीत; पण गावच्या अधिकाऱ्याचा मुलगा तेथे जात असणार, असे मानण्यास हरकत नाही. अशा शाळांत पहाटेपासून सायंकाळपर्यंत लॅटिन घोटून घेत. शिवाय त्याच गावचा रिचर्ड फील्ड हा एका कातडे कमावणाऱ्याचा मुलगा लंडनला जाऊन मुद्रक झाला होता. शेक्सपिअरचे पहिले छापील काव्य १५९३ साली याच फील्डने छापले. ज्या ग्रंथावरून शेक्सपिअरने रोमन नाटकांची कथानके घेतली, त्या प्लुटार्कच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतरही फील्डच्या छापखान्यातून निघाले होते. गावचा सोबती पुस्तकांच्या राशीत बसलेला असताना, वाचण्याची भूक असलेल्या तरुणास पुस्तके मिळाली नसतील काय? इतके असूनही त्याच्या हातून चुका झाल्याच. समुद्रकिनारा नसलेल्या बोहेमिया देशात त्याने जहाज नेऊन लावले, आणि ज्युलिअस सीझरच्या रोममध्ये घड्याळाचे ठोके वाजविले. देशोदेशी फिरलेल्या महापंडिताकडून या चुका झाल्या असे मानण्यापेक्षा, मिळेल ते अधाशासारखे वाचून भराभर लिहिणाऱ्या नटाच्या हातून त्या झाल्या, असे मानणे मला अधिक सोपे वाटते.

आपल्याकडे तर याहून मोठे उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळखही नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना सुचलेली त्यांची गाणी घरच्या माणसांनी कागदावर उतरविली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती छापली गेली म्हणून आपण ती वाचतो. शाळेच्या दाखल्यावरून कवीची परीक्षा घेतली असती, तर त्या पहिल्याच दारात अडल्या असत्या.

शेक्सपिअरच्या बाजूचे साक्षीदार थोडे नाहीत. १५९२ साली रॉबर्ट ग्रीन या विद्यापीठात शिकलेल्या नाटककाराने मरणशय्येवरून त्याला शिव्या दिल्या: हा नट उसन्या पिसांचा कावळा आहे, आणि आम्हां कवींची बरोबरी करू पाहतो, अशा अर्थाच्या. मला या शिव्यांचे मोल फार वाटते. हा नट नुसता अभिनय करीत नाही, कविता लिहितो, हेच तर त्या मत्सरी माणसाचे दुखणे होते. १५९८ साली फ्रान्सिस मीअर्स याने शेक्सपिअरच्या बारा नाटकांची नावे छापली. आणि १६२३ साली, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या दोन सोबती नटांनी छत्तीस नाटके एका मोठ्या ग्रंथात एकत्र केली. त्यांतील अठरा नाटके तोवर छापलीच गेली नव्हती. या दोघांना शेक्सपिअरने मृत्युपत्रात आठवणीची अंगठी घेण्यासाठी पैसे ठेविले होते. कोठे अंगठीचे मोल आणि कोठे त्या ग्रंथाचे! त्यांनी ही मैत्री राखली नसती, तर 'मॅक्बेथ' आणि 'टेम्पेस्ट' ही नाटके कदाचित कायमची नाहीशी झाली असती.

कोणी म्हणेल, नाटक रसाळ आहे ना? मग ते रामाने लिहिले काय नि गोविंदाने लिहिले काय! हे उदार वाटणारे बोलणे मला मान्य नाही. ज्याने रात्री जागून एकेक ओळ घडविली, त्याचे त्या ओळीवर ऋण आहे, आणि ते फेडण्यास आपल्याजवळ त्याच्या नावावाचून दुसरे नाणे नाही. म्हणून लेखक कोण, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारणाऱ्यास शंका येणेही वाईट नाही.

मात्र शंकेशंकेत फरक असतो. जेम्स स्पेडिंग या विद्वानाने १८५० साली असे दाखविले की, शेक्सपिअरच्या नावावरील 'आठवा हेन्री' या नाटकाचा बराच भाग जॉन फ्लेचर या दुसऱ्या नाटककाराचा आहे. त्याने कोणाचे कूळ पाहिले नाही, ओळींची चाल पाहिली. पुढच्या अभ्यासकांनी शब्दही मोजले. 'तुम्ही' या अर्थाचे इंग्रजीतील एक रूप फ्लेचर वारंवार वापरी आणि शेक्सपिअर क्वचित. तुमच्यातही कोणी सदा 'पण' लिहितो, तर कोणी 'परंतु'. लिहिणाऱ्यास त्याचे भान नसते, म्हणूनच ती खूण खरी. 'टू नोबल किन्समेन' या नाटकाच्या १६३४ सालच्या पहिल्या छापील प्रतीवर फ्लेचर आणि शेक्सपिअर या दोघांचीही नावे आहेत. २०१६ साली ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीने 'सहावा हेन्री' या नाटकाच्या तिन्ही भागांवर शेक्सपिअरबरोबर मार्लो या कवीचे नाव छापले. ते सर्वांना पटलेले नाही. पण ही शंका शेक्सपिअरचा अपमान करीत नाही. आणि हे स्पेडिंग महाशय कोण? ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे बेकनच्या ग्रंथांचे संपादन करण्यात घालविली, तेच! बेकनची शैली त्यांच्याइतकी कोणास ठाऊक होती? शेक्सपिअरची नाटके बेकनची नव्हेत, असे त्यांनी साफ सांगितले.

म्हणजे एक शंका लिखाणापासून निघते, आणि दुसरी लिहिणाऱ्याच्या घरापासून. हा भेद मी पुस्तकांतून शिकलो असे सांगितले तर ते खोटे होईल.

पस्तीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी मी सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. एकदा मी 'चांदणी रात्र' हा निबंध घातला. बहुतेक वह्यांत पौर्णिमेचा चंद्र होता आणि तो चांदीच्या ताटासारखा होता. बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकातही तो तसाच होता. एका वहीत मात्र अष्टमीची रात्र होती. शेजारच्या गावचा आठवड्याचा बाजार करून, न खपलेल्या वहाणांची माळ खांद्यावर घेऊन बाप आणि मुलगा पायी घरी परतत आहेत. आभाळ ओल्या कातड्यासारखे काळेभोर आहे, आणि त्यावर आजोबांनी नुकतीच दगडावर पाजवलेली रापी टेकवावी, तसा अर्धा चंद्र टेकलेला आहे.

मी तो निबंध दोनदा वाचला. मग वहीवरील नाव पाहिले. त्या मुलाचे आजोबा बाजारपेठेच्या तोंडाशी निंबाच्या झाडाखाली बसून जोडे शिवीत. घरात शिकलेले कोणी नव्हते. मी त्यास उभे केले आणि साऱ्या वर्गादेखत विचारले, "हे कोणी लिहून दिले?"

तो म्हणाला, "मीच लिहिले, गुरुजी."

"खरे सांग."

तो काही बोलला नाही. मी तांबड्या पेन्सिलीने निबंधाखाली 'नक्कल' असा शेरा मारला.

पुढे कित्येक वर्षांनी 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' हे शेक्सपिअरचे विनोदी नाटक वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. एका माणसाच्या वाटोळ्या दाढीला तेथे हातमोजेवाल्याच्या कातडे तासण्याच्या हत्याराची उपमा दिली आहे. म्हणजे रापीचीच! दरबारी सरदाराला दाढी पाहून हे हत्यार आठवण्याचे कारण काय? ते आठवेल, ज्याने बापाच्या हातात ते रोज पाहिले त्यालाच. एवढ्या एका उपमेवरून वाद मिटतो, असे मी म्हणत नाही. पण माझ्यापुरता तो त्या दुपारी मिटला, आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. बाजारातल्या कोणत्या निबंधाच्या पुस्तकात रापी होती? तो मुलगा खरे बोलत होता याचा पुरावा माझ्या हातातल्या वहीतच होता, आणि मी तांबडी पेन्सिल घेऊन त्याच्यावरच शेरा मारला होता.

तो मुलगा वर्षभर माझ्याच वर्गात होता. त्याने कधी तक्रार केली नाही. सहामाही परीक्षेत पुन्हा चांदण्यावरच निबंध आला. या वेळी त्याने पौर्णिमेची रात्र घेतली आणि चंद्राला चांदीच्या ताटाची उपमा दिली. मी त्याला दहांपैकी सात गुण दिले.